डाव्या कानाचा दगड

माझ्या मावशीला बाजारात सगळे ‘उजवी’ म्हणायचे आणि माझ्या आईला ‘डावी’. दोघी सख्ख्या बहिणी, मावशी थोरली. तांब्याच्या तारेत दगड गुंफून त्या गळ्यातली पदकं आणि कानातली करायच्या, आणि बाजाराच्या कोपऱ्यावर, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी टेबल टाकून विकायच्या. नावांमागे काही मोठं गूढ नव्हतं. मावशी उजव्या हाताने काम करायची आणि आई डावखुरी होती. टेबलाच्या उजव्या टोकाला मावशी बसायची, डाव्या टोकाला आई. उलट बसल्या की कोपराला कोपर लागायचं आणि भांडण जुंपायचं. भांडणं तशीही व्हायचीच, त्यासाठी कोपराची गरज होती असं नाही.

मावशीचा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. एकदा एका बाईंनी पदक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “शेवटी दगडच ना हो!” मावशीने ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाली, “मग रस्त्यावरून उचला की. तिथे फुकट आहेत.” आईने टेबलाखालून तिला लाथ मारली, पण बाई गेल्या त्या गेल्याच. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, “एवढे दगड सांभाळते, त्यात आणखी एक कशाला?” माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. तेव्हा ही सामान घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली ती कायमची. आली त्या दिवशी आईला म्हणाली होती, “रडून झालं की सांग, मग तार कापायला घेऊ.” माया करायची तिची ही अशी तऱ्हा.

आई गमतीची होती. एकदा एक गृहस्थ काडेपेटीत काहीतरी घेऊन आले. उघडून पाहिलं तर ऑपरेशन करून काढलेला मुतखडा! मावशीने तोंड फिरवलं. आईने मात्र चिमट्याने तो उचलला, उजेडात धरला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “गळ्यात घालणार की बोटात?” गृहस्थ म्हणाले, “गळ्यात. एवढा छळलाय मला, आता त्याला जरा लटकू दे.” आईने तो असा सुरेख गुंफून दिला की पुढे ते गृहस्थ तो पाहुण्यांना दाखवत फिरायचे. मावशीने मात्र तो चिमटा उकळत्या पाण्यात टाकला.

पण त्यांची खरी ओळख होती ती कानातल्यांमुळे. दगड कापणारा एक खडा मधोमध कापून द्यायचा. कापलेले दोन तुकडे शेजारी ठेवले की त्यांच्यातल्या रेघा समोरासमोर यायच्या. एकातली रेघ उजवीकडे झुकली की दुसऱ्यातली डावीकडे. मग त्यांच्यावरची तारही तशीच समोरासमोर वळायला हवी. बाकीचे कारागीर दोन्ही कानांची तार एकाच बाजूला वळवतात आणि घेणाऱ्याला ते कळतही नाही. आमच्या घरात कळायचं. उजव्या कानाचा दगड मावशी गुंफायची, डाव्या कानाचा आई. एकीचे वेढे इकडून तिकडे, दुसरीचे तिकडून इकडे. दोन्ही तारा एकदमच, एकाच मापाच्या कापायच्या, आपापला दगड उचलायचा आणि कामाला लागायचं. झाल्यावर दोन्ही कानातली टेबलावर शेजारी ठेवून मावशी बघायची, आणि पसंत पडलं की एवढंच म्हणायची, “जोड जुळला.” एरवी तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाल्याचं मला आठवत नाही.

तार अंगठ्याजवळच्या पहिल्या बोटावरून ओढून घ्यावी लागते. त्याने बोटाच्या बाजूला एक खाच पडते, आणि तांब्याने ती काळपट होते. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. मावशीच्या उजव्या हाताच्या बोटावर ती खाच होती, आईच्या डाव्या. लहानपणी अंधारात कुणाचा हात अंगावर आला हे मी त्या खाचेवरून ओळखायचे.

एका सकाळी आई चहाचा कप उचलायला गेली आणि कप खाली पडला. दुसऱ्यांदा हात पुढे केला तर हातच उचलला गेला नाही. दवाखान्यात सांगितलं की डावी बाजू गेली आहे. वाचा शाबूत होती, डोकं शाबूत होतं, उजवा हात ठणठणीत होता. मी देवाला तेव्हा मनातल्या मनात खूप बोलले. न्यायचाच होता तर दुसरा हात न्यायचा होता. मावशी दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःचाच उजवा हात डाव्या हाताने दाबत होती.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिने आईला स्पंजचा एक चेंडू दिला, डाव्या मुठीत धरून दाबायला. पहिल्या दिवशी आईने तिला एकच प्रश्न विचारला, “यात परत तार धरता येईल का?” मुलगी म्हणाली, “केलंत तर येईलही.” बस, आईला तेवढं पुरलं. जेवताना चेंडू, रेडिओ ऐकताना चेंडू, माझ्याशी बोलताना चेंडू. बोटं हलायची नाहीत, पण तिच्या कपाळावर घाम यायचा. मावशी म्हणायची, “अगं, जरा दम खा.” आई म्हणायची, “तू तुझे उजवे कान करून ठेव. मी आलेच.”

आणि मावशी करून ठेवायची. उजवा कान झाला की तो एका डब्यात जायचा, विकायला ठेवायचा नाही. बाजारात टेबलावर फक्त गळ्यातली असायची. कानातली कुणी मागितली की उत्तर ठरलेलं, “डावी बरी झाली की.” घड्याळवाल्याने एकदा सुचवलं, “उजवे, दोन्ही तूच कर की! कोण बघतंय?” मावशी म्हणाली, “तू दोन्ही काटे एकाच मापाचे बसव. कोण बघतंय?”

मग एक दिवस आईचा अंगठा हलला. अगदी थोडा, पण आम्ही तिघींनीही पाहिला. मावशी तडक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, “कांदा चिरत होते.” आई म्हणाली, “घरात कांदा नाहीये, ताई.” त्या दिवशी आम्ही पुष्कळ हसलो.

नेमकं त्याच सुमाराला शाळेतल्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मुलगी पाळण्यात होती तेव्हाच आईने त्यांना शब्द दिला होता की हिच्या लग्नातली कानातली आमच्याकडून. बाईंनी आठवण करून दिली नाही, त्या तशा नव्हत्या. पण मावशीला ते लागून राहिलं. तिच्या बहिणीचा शब्द खाली पडणार होता. आईचा अंगठा हलला होता खरा, पण अंगठ्याने दगड गुंफला जात नाही, आणि लग्नाची तारीख काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

मावशीने कुणाला न सांगता डाव्या हाताने शिकायला घेतलं. घरी नाही, बाजारात, टेबलामागे. घड्याळवाला नंतर मला सांगायचा, “काय शिव्या घालायची स्वतःच्या हाताला! मेल्या, इकडे वळ म्हणते ना!” उभं आयुष्य मागेमागे राहिलेला हात तो, एकदम कसा पुढे येणार? तार सुटायची, दगड निसटायचा. पण मावशी हट्टी. पुष्कळ तार वाया घालवून शेवटी तिने डावा कान केला, उजव्याशेजारी ठेवला आणि तो जोड बाईंना दिला. बाई खूश झाल्या. मावशी “जोड जुळला” असं म्हणाली का, हे मी घड्याळवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “नाही. गुपचूप बांधून दिला.”

एक गोष्ट ती विसरली. या धंद्यातल्या माणसाने विसरू नये अशी गोष्ट होती ती, पण विसरली.

संध्याकाळी ती आईला सूप भरवायला बसली. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात वाटी. आईने दोन घोट घेतले आणि मग तिची नजर वाटीवर थांबली. तिने आपला चांगला हात पुढे केला, मावशीचं डावं बोट धरलं आणि त्याच्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथे नवी, काळपट खाच पडली होती.

“हे काय गं, ताई?”

“दारात चेंगरलं,” मावशी म्हणाली.

“हो का,” आई म्हणाली. पुढचा चमचा आला तेव्हा तिने तोंड मिटून घेतलं.

मी तिथेच इस्त्री करत होते. मला तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चेंडू खाटेखाली सापडला. मी उचलून दिला, तो परत खाली गेला. व्यायामवाली मुलगी आली तर आई म्हणाली, “आता नको. पुरे झालं.” मी चिडले, समजावलं, हातापाया पडले. शेवटी आई एकदाच म्हणाली, “तुझ्या मावशीला येतंय आता. बरंच झालं.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मावशीला गाठलं. तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. मी तिच्यावर रागावणार होते, पण तिचा चेहरा बघून माझं धाडसच झालं नाही.

त्यानंतर मावशीने डाव्या हातात तार धरली नाही. ती आईला तसं सांगत राहिली. “एकच केलं गं. बाईंसाठी. तुझ्या शब्दासाठी.” आई म्हणायची, “मी काही म्हणाले का?” मग मावशीने एक खोल पितळी वाडगा आईच्या उशाशी आणून ठेवला. रोज ती नवा दगड काढायची, दोन्ही तारा एकदम कापायची, उजवा तुकडा स्वतःकडे ठेवायची आणि डावा तुकडा त्याच्या तारेसकट वाडग्यात टाकायची. “हा तुझा,” म्हणायची. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. वाडगा हळूहळू भरत गेला. घरात फिरताना मला त्याच्याकडे बघवत नसे.

त्या दिवसांत आईने आणखी एक हट्ट धरला. अंग पुसायला गेलं की डावा हात शालीखाली ओढून घ्यायची. “हा मी पुसते. एवढं तरी येतं मला.” मावशीला वाटलं, रुसली आहे. मलाही तेच वाटलं. कधीकधी मावशीचाही तोल जायचा. एकदा ती वाडगा आपटूनच म्हणाली, “माणसाने एवढं मानी असू नये! मी काय तुझं काम पळवलं? तू हातच हलवणार नसशील तर मी तरी काय करू?” आई भिंतीकडे बघत म्हणाली, “तू तुझे उजवे कान कर.” आवाजात राग नव्हता. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

थंडीत आईला सर्दी झाली. ती छातीत उतरली, आणि दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत सगळं संपलं. मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती बराच वेळ नुसती “अगं, अगं” एवढंच म्हणत राहिली.

आईला शेवटचं पुसून स्वच्छ कपडे घालायचे होते. मावशीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी गरम पाण्याचं भांडं धरून उभी होते. तिने चेहरा पुसला, उजवा हात पुसला, मग शालीखालून डावा हात बाहेर काढला. तो ओढून घेणारं आता कुणी नव्हतं. ओला रुमाल बोटांवरून फिरवताना ती थांबली. तिने आईचं पहिलं बोट डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्यापुढे धरलं.

“बघ,” म्हणाली.

आजारपणात ती जुनी खाच भरून आली होती, कातडी मऊ झाली होती. आणि त्या मऊ कातडीवर एक ताजी, काळी, तारेची रेघ होती.

मावशीने वाडगा खाटेवर पालथा केला. वरचे दगड जसेच्या तसे होते. खालच्या दगडांच्या तारा मात्र सरळ नव्हत्या. वाकवलेल्या, परत उलगडलेल्या, पुन्हा वाकवलेल्या. तार एकाच जागी सारखी वाकवली की तुटते, तशा काही तुटल्याही होत्या. आणि अगदी तळाशी एक हिरवा दगड होता, गुंफलेला. वेढे वाकडेतिकडे. एक घसरलेला, एक दुसऱ्यावर चढलेला. शेवटचं टोक आत न दाबता तसंच सोडलेलं. पण सगळे वेढे तिकडून इकडे वळलेले, आईच्या बाजूने.

आम्ही घरात नसताना, आम्ही झोपलेल्या असताना, ती भिंतीकडे तोंड करून हे करत होती. चेंडूने तिचं भागत नव्हतं, तिला तार हवी होती. आणि पुरतं जमल्याशिवाय ते थोरल्या बहिणीला दाखवायचं नव्हतं.

मावशीने तो दगड तळहातावर घेतला, बोटाने हलवून पाहिला. इतक्या वर्षांची सवय, तिच्या तोंडून निघून गेलं, “सैल आहे गं.”

आणि मग तिला रडू फुटलं. मावशीला तसं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती आईच्या त्या हातावर कपाळ टेकून म्हणत होती, “बोलायचंस ना! मी तुला काय काय बोलले, बोलायचंस ना!” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. भांड्यातलं पाणी गार होऊन गेलं.

पुढे बरेच दिवस बाजारातलं टेबल बंद होतं. मावशी जेवायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची, एवढंच. मग एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर ती खिडकीपाशी बसलेली. समोर डबा उघडा होता. त्यातून तिने त्या हिरव्या दगडाचा जोडीदार काढला होता, स्वतः गुंफलेला उजवा कान. नेहमीसारखा घट्ट, नीटनेटका, केसाचीही फट नसलेला. मला वाटलं, आता ही आईच्या दगडाची तार आवळणार.

“घट्ट करतेस का तो?” मी विचारलं.

“त्याला कुणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

तिने चिमटा घेतला आणि स्वतःचा दगड उलगडायला सुरुवात केली. सगळी तार काढून बाजूला टाकली आणि नवी कापली. मग आईचा दगड समोर ठेवून, त्याच्याकडे बघत बघत, ती उजव्या हाताने पहिला वेढा घालू लागली. तो घट्टच बसला. तिने काढला. दुसऱ्यांदाही घट्ट. हात ऐकेना. आयुष्यभर ज्या हाताला सैल सोडायचं माहीत नव्हतं त्याला आता ती सैल सोडायला शिकवत होती. तार खराब झाली की नवी घ्यायची. मधेच आईच्या वेढ्यांवर बोट ठेवून मला सांगायची, “इथे बघ, इथे तिचा अंगठा घसरलाय. इथे जोर पुरला नाही. आणि हे बघ, इथे थांबलीय. दमली असणार. मग परत धरलंय.” ती हे असं सांगत होती, जणू आई पलीकडच्या खाटेवरच आहे आणि आपण तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतोय. मी उठून दिवा लावला. ती जिथे आई घसरली तिथे घसरली, जिथे आई थांबली तिथे थांबली. शेवटचं टोकही आत दाबलं नाही.

मग दोन्ही कानातली तिने शेजारी ठेवली आणि नेहमीसारखी बघत राहिली. बोलली काही नाही. माझ्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, “डावा आधी घाल.”

आता ती परत बाजारात बसते. टेबलाच्या उजव्या टोकाला. डावीकडची खुर्ची मोकळी असते, तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवलेली तिला खपत नाही. ती फक्त गळ्यातली करते. कानातली कुणी मागितली की “करत नाही” म्हणते आणि दुसरीकडे बघते. मी सुटीच्या दिवशी तिला डबा द्यायला जाते. मान हलवली की माझ्या दोन्ही कानांतले दगड तारेत जरासे खुळखुळतात. मला आता त्याची सवय झाली आहे.

परवा घड्याळवाल्याचं लक्ष गेलं. त्याने डोळ्याचं भिंग काढलं, जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाला, “अगं, तुझ्या कानातल्यांच्या तारा सैल झाल्यात. दोन्हींच्या. पडतील कुठेतरी. दे मावशीकडे, आवळून देईल.”

मावशी दगड पुसत होती. तिने मान वर केली नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “जोड जुळलाय.”